तुझ्या नावानं माफी मागितली नाही

अक्का, मी नाक घासलं नाही. शनिवारी मारुतीच्या देवळापुढे बाया जमल्या होत्या, काकीनं माझा दंड धरून मला पायरीपर्यंत नेलं होतं, आणि तरी मी वाकले नाही. बाकीचं मागाहून सांगते. हे आधी सांगते, कारण तू असतीस तर तूही आधी हेच विचारलं असतंस.

मला चार माणसांत बोलता येत नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत? लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर मी रडायला लागले, आणि माझ्या नवऱ्याचं नाव माझ्याबदली तूच घेऊन टाकलंस. सगळा मांडव हसला. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून माझं लिहिणं म्हणजे डब्यांवर डाळींची नावं. पण आता फोन लावला तर तू उचलणार नाहीस. म्हणून लिहिते आहे.

तू गेलीस त्या दिवशी संध्याकाळी तुझ्या खाटेची जागा मी सारवली आणि तिथं ज्वारीचं पीठ पसरलं. तू करू नको म्हणून बजावलं होतंस. मी म्हणाले होते, तुझ्यासाठी नाही, माझ्या मनासाठी करीन. त्यावर तू काहीच बोलली नाहीस, सुईत दोरा ओवत राहिलीस. तुझं गप्प बसणं म्हणजे हो का नाही हे मला कधी कळलं नाही, आणि या वेळी मी ते माझ्या सोयीनं हो धरलं. माणूस गेलं त्या जागी पीठ पसरायचं, मधे दिवा ठेवायचा, वर बांबूचं डालं टोपलीसारखं झाकायचं आणि सकाळी पिठात कोणाची पावलं उमटली ते पाहायचं. गेलेला जीव कुठल्या जन्माला गेला ते त्यावरून कळतं म्हणतात. मला पाखराची पावलं पाहिजे होती. खोटं कशाला सांगू.

आई गेली तेव्हाचं आठवतं का? काकीनं डालं उचललं आणि म्हणाली, चिमणी आहे, चिमणीचे पाय आहेत, वहिनी सुटली. सगळ्या बायांनी हात जोडले. तू गुडघ्यावर बसून नीट पाहिलंस आणि म्हणालीस, “उंदीर आहे काकी. जातानी लेंडीबी टाकून गेला.” काकी महिनाभर तुझ्याशी बोलली नाही. मी पदरात तोंड घालून रडत होते असं सगळ्यांना वाटलं. मी हसत होते, अक्का. आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोट धरून हसत होते, तुझ्यामुळे.

तुझ्या पिठावर पाखरू नव्हतं. वेड्यावाकड्या रेघा होत्या, एकीवर एक, कोपऱ्यापर्यंत गेलेल्या आणि परत फिरलेल्या. काकी डालं हातात धरून उभीच राहिली.

“पाह्य वं बेबी,” ती म्हणाली. “पाह्य कशी तडफडून राह्यली. जीवाले कुठी जागा नाही भेटून राह्यली तिच्या.”

डाल्याच्या काठावर झुरळ बसलं होतं. मिशा हलवत होतं, पायांना पीठ लागलेलं होतं. मी हळूच म्हणाले, काकी, झुरळ आहे. तर म्हणते, “झुरळ काय आपल्या मनानं येते? धाडणारा धाडते.”

यावर तू काय म्हणाली असतीस ते मला त्या क्षणी ऐकू आलं. पण मी नुसती पीठ गोळा करायला लागले.

मग काकीनं सगळं काढलं. जन्मभर भेत राहिली, म्हणाली. बसमध्ये हातपाय गार पडत, घाम फुटे, भर पंगतीतून उठून बाहेर जाऊन उभी राहायची. देवावर भरोसा नसला की जीव असाच लटकता राहतो. जिवंतपणी लटकता होता आणि आता मेल्यावरही लटकलेलाच आहे. यावर एकच उपाय. शनिवारी मारुतीच्या पायरीवर सख्ख्या बहिणीनं नाक घासायचं आणि चार बायांसमोर म्हणायचं की माझ्या बहिणीचं चुकलं, तिला पदरात घे.

काकी वाईट नाही. तुला ती आवडायची नाही, पण तुझ्या तापात तिनंच तुला पेज पाजली होती. तिच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत आणि तिची भिंत तुझ्या भिंतीला लागून आहे. पलीकडे कोणी तडफडत असेल तर आपल्या घरातल्या बाळंतपणाचं काय, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तीही भ्यायलेलीच होती. हे मला तेव्हा कळलं नाही, आता लिहिताना कळतं आहे.

देव मानत नाही म्हणून भीती वाटते, हे तुझ्या तोंडावर सगळ्यांनी म्हटलं. देवळातल्या महाराजांनी म्हटलं, माझ्या सासूनं म्हटलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनंसुद्धा म्हटलं. आणि मला दरवेळी वाटायचं, यांनी अक्काला अमावस्येला पाहिलं नाही का? मेलेल्या बाईची लुगडी कोणी घरात ठेवत नाही, ती तू मागून आणायचीस आणि त्यांच्या गोधड्या शिवायचीस. “मेलेल्या बाईनं कमी वापरलेलं राहते, कापड मजबूत,” म्हणायचीस. चौफुलीवर उतारा टाकलेला असला तर लोक वळसा घालून जात. तू त्यातलं लिंबू उचलून घरी आणलंस आणि मला सरबत करून दिलंस. मी प्यायले नाही. तू दोन्ही पेले प्यायलीस आणि म्हणालीस, साखर थोडी कमी पडली.

अशी तू, आणि बसचं दार बंद झालं की तुझे ओठ पांढरे पडायचे. फोन वाजला की उचलायच्या आधी तू भिंतीला हात टेकायचीस. मी सासरहून, शिरपूरहून निघाले आणि बस उशिरा आली तर तू आपल्या इंझोरीच्या फाट्यावर उन्हात अनवाणी उभी असायचीस, घरात बसवत नाही म्हणून. भूत, करणी, देवाचा कोप यांना तू भ्यायली नाहीस. तुला भीती वाटायची ती आमची. आमच्यातलं कोणी घरी पोचणार नाही याची.

हमीदभाईच्या दुकानात आपण दोरा आणि कापूस घ्यायला जायचो, वाशीमला. त्यांच्या घरच्या भाभींना तुझं घाबरणं आणि देव न मानणं, दोन्ही कळलं होतं. मैं तेरे वास्ते दुआ करती हूँ, त्या म्हणायच्या. तू म्हणायचीस, “करो भाभी. तुमारी तरफ से चलता. मेरी तरफ से मत करना.” भाभी हसायच्या आणि दोऱ्याचं एक रीळ जास्त टाकायच्या. देव न मानण्याबद्दल तुझ्यावर न रागावलेलं माणूस मी तेवढंच पाहिलं. माझ्यासकट बोलते आहे.

कारण मी रागवायचे. मी तुला किती वेळा विचारलं की देवानं तुझं काय वाईट केलं. लोकांना वाटायचं, नवऱ्यानं टाकली म्हणून तू देवावर रुसलीस. मलाही तसंच वाटायचं. तू म्हणालीस, “राग नाही वं माह्या कोनावर. रागावाले कोनी पायजे ना तिथं.” ते इतकं साधेपणानं म्हणालीस की मला तुझीच भीती वाटली. मग मी म्हटलं, सगळे म्हणतात तेच खरं आहे, मानत नाहीस म्हणून तुला घबराट होते. तेव्हा तू सुई खाली ठेवलीस.

“मले हे लहानपणापासून आहे, बेबी. देव तर मी आता आता सोडला. अगोदर कोनतं आलं?”

मी म्हणाले, आईला विचारायला पाहिजे होतं. आणि आईचं नाव निघालं. आईचं तुलाही दिसत होतं, मलाही. बाबा शेतातून यायला उशीर झाला की ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची आणि छातीवर मूठ फिरवायची. प्रत्येक नव्या भीतीला तिनं एक नवा उपास धरला. शेवटी शेवटी तर जेवायचा वार शोधावा लागायचा. उपास वाढत गेले आणि मूठ तशीच फिरत राहिली. तू म्हणालीस, देव सोडल्यावर माझी एक भीती कमी झाली, नवस चुकला तर काय होईल ही. बाकीच्या आहेत तिथंच आहेत.

आणि मग तू ते म्हणालीस. ते मी कोणाला सांगितलं नाही. “कवा कवा वाटते, कोनाच्या तरी पायाशी टाकून द्यावं हे. तुमाले बरं आहे, तुमी टाकता. मले जागा नाही. मंग मी तुले फोन करतो.”

अक्का, तुझा फोन यायचा तेव्हा मी पोळ्या लाटत असायचे, नाहीतर धुणं हातात असायचं. तू काय करून राहिली विचारायचीस, मी काय भाजी केली ते सांगायचे, आणि तू म्हणायचीस, बरं, ठेवतो. मला वाटायचं, अक्काला करमत नाही. तू माझ्याकडे काय टाकून जात होतीस ते मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी फोन वाजला की हात धुऊन उचलायला लागले.

माझंही तुला माहीत होतं. तुला एकटीलाच. मी दिवा लावते, सोमवार धरते, एकादशी करते, शिरपूरला एवढे यात्रेकरू येतात त्यांना पाणी देते, आणि तरी मला ते होतं. कानात घूं घूं होतं, हात ओले होतात, वाटतं आता मरते. माझं कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण मी लाजरी आहे. लाजरी बाई गप्प बसली, खाली पाहायला लागली, कोपऱ्यात गेली, तर लोक म्हणतात स्वभाव आहे. तू देव मानत नव्हतीस म्हणून तुझ्या घामाचा दोष देवाकडे गेला. माझा घाम पदराआड राहिला.

वाशीमहून येताना त्या बसमध्ये आपल्या दोघींना एकदमच झालं ते आठव. तुझ्या घबराटीच्या डॉक्टरकडून येत होतो. गाडी गच्च भरली होती आणि मधेच बंद पडली, दार उघडेना. मी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होते. तू खिडकीतून बाहेर पाहून एकेक वस्तू म्हणत होतीस, बाभूळ, पंप, टिनाचं शेड, म्हैस, परत म्हैस. ड्रायव्हरनं खाली उतरून काहीतरी ठोकलं, गाडी चालू झाली, वारं आलं, आणि आपण दोघींनी एकदमच श्वास सोडला. मी म्हणाले, बघ, नाव घेतलं म्हणून सुटले. तू कपाळ पुसत म्हणालीस, “मंग मी कायनं सुटली? तुह्या देवाले आन् माह्या म्हशीले सारखाच टाइम लागला.” पुढच्या सीटवरचा म्हातारा वळून पाहायला लागला. आपण हसत होतो आणि आपले हात अजून कापत होते.

तू मला किती म्हणालीस, डॉक्टरला दाखव. गोळी रोज घ्यावी लागते, तुझ्या उपासासारखीच समज. मी आले नाही. घरात काय सांगू, हीच लाज.

तर शनिवार. मी काकीला नाही म्हटलं नव्हतं, हो पण म्हटलं नव्हतं. तिनं माझं गप्प बसणं तिच्या सोयीनं धरलं. सकाळी तेल आणि रुईची माळ घेऊन ती दारात आली, सोबत चार बाया. मी चालायला लागले. चालताना मनात म्हणत होते, काय जातं? एकदा वाकायचं, एक वाक्य म्हणायचं. तू तर ऐकणार नाहीस. काकीची सून निवांत झोपेल. तुझं काही जात नाही, माझं काही जात नाही.

पायरीशी आले आणि मला ते सुरू झालं. आधी कान, मग हात. मारुतीसमोर, अक्का. लहानपणापासून ज्याच्यापुढे उभं राहते त्याच्यापुढे. शेंदूर तसाच लाल, दिवा जळत होता, मी त्याला मानत होते, तेव्हाही मानत होते, आणि तरी ते थांबेना. काकी म्हणाली, वाक. एक बाई म्हणाली, म्हण ना वं, माह्या बहिणीचं चुकलं.

आणि मला वाटलं, काय चुकलं तिचं? जे तिला होत होतं तेच मला आत्ता इथं होतं आहे. माझं काय चुकलं ते मग कोण सांगणार?

मी काकीचा हात धरला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

“पाह्य काकी,” मी म्हटलं. “ओला आहे ना? तिचा असाच व्हाये. मले आता होऊन राह्यलं, इथं, याच्यासमोर. मी रोज दिवा लावतो. सोमवार धरतो. लहानपणापासून होते मले. आता सांगा, माह्या पूजेत काय कमी पडलं?”

 माझा आवाज कापत होता, पण कापत कापत बाहेर येत होता, आणि एकदा यायला लागल्यावर मला तो थांबवता आला नाही. मी म्हटलं, “तिचं काही चुकलं नाही. मी नाक घासत नाही.”

काकी माझा हात तसाच धरून पायरीवर बसली. माझ्या तळहाताकडे पाहत राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, हिलेबी लागलं तिचं. दुसरी म्हणाली, चला बायांनो, ऊन वाढलं. पुजारी म्हणाला, तेल तरी वाहून जा. मी तेल वाहिलं. त्याच्याशी माझं भांडण नव्हतं. मग मी एकटी घरी आले, आणि वाटेत मला रडू आलं नाही. राग आला. तू असताना हे का नाही बोलले याचा नाही, तू मला बोलूच दिलं नसतंस, तुले सासर आहे, चूप राह्य, म्हणाली असतीस. राग आला तो तुझ्या शांतीची काळजी करणाऱ्यांचा. तू उन्हात अनवाणी उभी राहायचीस तेव्हा यातलं कोणी चपला घेऊन आलं नाही.

तेरवीच्या जेवणाला माणसं कमी आली. बुंदी उरली. काकीनं ताट नेलं, पण सुनेला पाठवलं नाही. तिच्याशी माझं काय राहिलं ते कळायला वेळ लागेल.

शिरपूरला माझ्याआधी बातमी पोचली होती. आमचे हे हरभरा निवडत बसले होते. वर न पाहता म्हणाले, “तुलेबी होते म्हणतात. कवापासून?” मी म्हटलं, लहानपणापासून. “मंग मले काहून नाही सांगतलं?” मी म्हटलं, तुम्ही म्हटलं असतं, अक्काची सवय लागली. त्यांनी हरभऱ्यातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाले, “म्हटलं असतं.” मला त्या माणसाचा त्या दिवशी जेवढा आधार वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

मग ते स्वतः माझ्यासोबत वाशीमला आले. तुझाच डॉक्टर. त्यांनी झोप विचारली, जेवण विचारलं, घरात आणखी कोणाला होतं का विचारलं. मी म्हटलं, आईला होतं, बहिणीला होतं. बहीण कोण, म्हणाले. मी तुझं नाव सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवला आणि म्हणाले, फार हसवायच्या त्या. देवाचं काही विचारलं नाही. तू सांगितलं होतंस की विचारत नाहीत, आणि माझा विश्वास बसला नव्हता.

आज संध्याकाळी मी दिवा लावला. हो, लावला. तुझ्या म्हशीकडे मी आलेले नाही आणि येणार नाही. पण आज मी देवाशी कधी बोलले नव्हते तशी बोलले. म्हटलं, माझी बहीण तुला मानत नव्हती आणि मी तिच्यासाठी माफी मागणार नाही. तू असशील तर तिची भीती तुझ्याच घरून आली, मग जाब तू दे, तिनं का द्यायचा? आणि तू नसशील, तर ती म्हणत होती ते खरं होतं. कुठूनही पाहिलं तरी तिचं चुकलेलं नाही. आणि ती आली तुझ्याकडे, तर तिला दारं बंद करून बसवू नको, तिला सोसत नाही.

एवढं म्हणून मी रोजच्यासारखे हात जोडले. यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, अक्का. म्हण ना.